म्हादेई आणि तारिणी : एका आराखड्याच्या दोन बोटी

दोन सारख्या शिडाच्या बोटी शेजारी शेजारी ठेवून त्यांचे गुणदोष ताडून पाहणे हा युरोप-अमेरिकेतील हौशी दर्यावर्दींचा जुना छंद आहे. आपल्याकडे शिडाच्या बोटीतून लांबचा प्रवास करणाऱ्यांची संख्याच इतकी अल्प, की अशा तुलनेला फारसा वाव मिळत नाही. तरीही तुलना करण्याजोगी एक उत्तम जोडी आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यातील दिवाडी बेटावर तयार झाली. भारतीय नौदलासाठी बांधलेल्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या त्या दोन बोटी. पहिली २००९ मध्ये नौदलात दाखल झाली, दुसरी २०१७ मध्ये. दोघींचा आराखडा एक, बांधणारे कारखानदार एक, लांबी एक. दोघींनीही पृथ्वीला प्रदक्षिणा घातली आहे. मग फरक कोठे आहे, आणि मुळात तीच बोट पुन्हा का बांधली, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'तारिणी' म्हणजे 'तरंगिणी' नव्हे. 'तरंगिणी' हे १९९७ मध्ये नौदलात आलेले तीन डोलकाठ्यांचे मोठे प्रशिक्षण-जहाज. त्यावर नवे नौसैनिक दर्यावर्दीपणाचे धडे गिरवतात. 'म्हादेई' आणि 'तारिणी' या त्या मानाने लहान, एका डोलकाठीच्या, सुमारे ५६ फूट म्हणजे १७ मीटर लांबीच्या बोटी आहेत. वजन सुमारे २३ टन, डोलकाठीची उंची २५ मीटर. म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढी. अशा बोटीला इंग्रजीत 'स्लूप' म्हणतात. एकच डोलकाठी, तिच्या मागे मुख्य शीड आणि पुढे नाळेकडे एक किंवा दोन त्रिकोणी शिडे, अशी तिची ठेवण असते. कोकणातील जुन्या मचव्याचे तिरकस परबाणावर ताणलेले शीड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही ठेवण निराळी वाटेल. परंतु वारा मागूनच यावा अशी अट न घालता, तो बाजूने आला तरी पुढे सरकायचे हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

कल्पना कोणाची, लाकूड कोठले

या साऱ्याच्या मुळाशी व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे स्वप्न होते. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवलेला हा नौदल अधिकारी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे राहत असे. समुद्रापासून इतक्या दूर बसून, एखाद्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी घेतला. बोटही भारतातच बांधलेली असावी, हा त्यांचा आग्रह. नौदलाने मोहिमेला 'सागर परिक्रमा' हे नाव दिले आणि ती जबाबदारी कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वीकारली.

बोट बांधण्याचे काम गोव्यातील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याकडे गेले. हा कारखाना तोपर्यंत फायबरच्या बोटी बांधत असे. आज मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कोणत्याही बंदरात फायबरचे होडके दिसते; त्या तंत्रात नवल काही नाही. मात्र दक्षिण महासागरात जाणारी ५६ फुटी शिडाची बोट बांधणे हे वेगळेच काम होते. आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन दे स्टाड्ट या नामांकित कार्यालयाचा निवडला गेला, त्याचे नाव 'टोंगा ५६'. या बोटीचे अंग सँडविचसारखे असते. मध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या आतून आणि बाहेरून काचतंतूंचे थर. लाकूड हलके असल्याने अंगाला जाडी मिळते पण वजन वाढत नाही आणि बाहेरचे थर पाणी आत येऊ देत नाहीत. निव्वळ फायबरची तेवढीच ताठ बोट करायची तर ती बरीच जड झाली असती.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात दाखल झाली. नाव ठेवले 'म्हादेई', म्हणजे मांडवी नदीचे वरच्या पात्रातील जुने नाव. ज्या नदीच्या काठी बोट जन्मली, तिचेच नाव तिला मिळाले.

'तारिणी'चा जन्मही त्याच काठावरचा. २७ मार्च २०१६ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते तिच्या बांधणीचा आरंभ झाला आणि १८ फेब्रुवारी २०१७ रोजी, म्हणजे अकरा महिन्यांच्या आत, ती नौदलात दाखल झाली. नाव ओडिशातील गंजाम जिल्ह्यातल्या तारा-तारिणी देवस्थानावरून घेतले आहे. जुन्या काळी त्या भागातील व्यापारी आणि खलाशी या देवीला साकडे घालीत. संस्कृतात तारिणी म्हणजे तारणारी, आणि नौकाही.

वेगाचे गणित

दोन बोटींची तुलना करताना सामान्य माणसाचा पहिला प्रश्न असतो, वेगवान कोणती? आराखडा एकच असल्याने येथे कागदावरचे उत्तर एकच आहे. ते कसे काढतात, हे पाहणे मनोरंजक ठरेल. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच एक लाट निर्माण करते. वेग वाढतो तसतशी ही लाट लांब होते आणि अखेर बोट आपल्याच लाटेच्या दोन शिखरांमध्ये अडकते. त्यापुढे जायचे तर तिला आपलीच लाट चढावी लागते, आणि जड बोटीला ते साधत नाही. ही मर्यादा पाण्यालगतच्या लांबीवर अवलंबून असते. फुटांतील त्या लांबीचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणले की नॉटमधील कमाल वेग ढोबळमानाने मिळतो. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.

पाण्यालगतची लांबी ४९ फूट धरली तर वर्गमूळ सात आणि वेग सुमारे ९.४ नॉट. आता एक जुने उदाहरण घेऊ. १९६८-६९ मध्ये सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कोठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारा पहिला मानव हा मान मिळवला, तो 'सुहेली' या बोटीतून. ही बोट मुंबईत सागवानात बांधलेली होती, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे. तिची एकूण लांबी ३२ फूट आणि पाण्यालगतची २८. वर्गमूळ ५.३, वेग सुमारे ७.१ नॉट. लांब बोट वेगवान का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

परंतु हा झाला कमाल वेग. प्रत्यक्ष प्रवासाचा सरासरी वेग नेहमीच त्याहून कमी असतो, आणि येथेच म्हादेई-तारिणीची तुलना रंगते. 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी परतले. दीडशे दिवस, सुमारे २३,००० सागरी मैल, एकाही बंदराला न लागता. दिवसाला सरासरी १५३ मैल, म्हणजे साधारण ६.४ नॉट. 'तारिणी' १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्याहून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परतली. २१,६०० मैलांसाठी समुद्रावर १९९ दिवस लागले. दिवसाला सरासरी १०८ मैल, म्हणजे साडेचार नॉट. 'सुहेली'ने सुमारे ३०,००० मैलांना ३१२ दिवस घेतले होते. तिची सरासरी दिवसाला ९६ मैल पडते.

हे आकडे पाहून घाईने निष्कर्ष काढणारा म्हणेल, 'म्हादेई' वेगवान आणि 'तारिणी' मंद. तसे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील पाली येथे मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. तेथे एकाच कंपनीचे, एकाच सांगाड्याचे दोन ट्रक मागेपुढे येताना सहज दिसतात. एक आंबा घाट चढायला वळतो, दुसरा लांजा-राजापूरच्या वाटेने गोव्याकडे जातो. संध्याकाळी दोघांचे किलोमीटर मोजून कोणता ट्रक चांगला हे ठरवणाऱ्याला चालक हसतील. माल किती, वाट कोणती आणि धन्याने घाई करायला सांगितले होते की जपून यायला, हे विचारल्यावाचून त्या आकड्यांना अर्थ नाही. बोटींचेही असेच आहे. बंदरे घेत जाणाऱ्या बोटीला प्रत्येक वेळी किनाऱ्याजवळच्या मंद, बेभरवशाच्या वाऱ्यातून आत-बाहेर करावे लागते. न थांबता जाणारा माणूस थेट दक्षिणेकडच्या जोरकस पश्चिमी वाऱ्यांत शिरतो आणि तेथेच राहतो. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात एखादा आठवडा अडकले, तर सरासरीची वाट लागते. बांधणीचा दोष त्यात शोधू नये.

एक, दोन आणि सहा

माझ्या मते या जोडीची खरी तुलना बोटीवरच्या माणसांच्या संख्येवरून करावी. 'म्हादेई'वर दिलीप दोंदे एकटे होते. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाऊन या चार बंदरांना थांबत १९ मे २०१० रोजी ते परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. नंतर टॉमीही एकटेच गेले. 'तारिणी'वर पहिल्या खेपेस सहा जणी होत्या : लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी नेतृत्वाला, आणि सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजयादेवी, बी. ऐश्वर्या व पायल गुप्ता. दुसऱ्या खेपेस, २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. त्यांनी सुमारे २५,६०० मैल पार केले.

एक, दोन आणि सहा. एकाच मापाच्या बोटीने हे तिन्ही प्रकार निभावले. ५६ फूट ही लांबी सहा जणांना दाटीवाटीची आणि एकट्याला अवाढव्य. एकट्याची अडचण शक्तीची असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वीस नॉटचा वारा चाळीस झाला की शिडावरचा भार दुप्पट होत नाही, चौपट होतो. अशा वेळी शीड आखडून लहान करावे लागते. चार हात असले तर एक दोर सोडतो, दुसरा ओढतो. एकट्याला तेच काम क्रमाने, दंतचक्राच्या विंचवर दोर गुंडाळत, हेलकावणाऱ्या तक्तपोशीवर करावे लागते. आणि तो झोपणार केव्हा? वीस-तीस मिनिटांच्या डुलक्या घेत, गजर लावून. तोवर बोट कोण हाकतो, तर स्वयंचलित सुकाणू. आणि ते बिघडले तर वाऱ्यावर चालणारे पाते. 'तारिणी'वर आणीबाणीसाठी असे वातपाते बसवलेले आहे. बोटीच्या मागे उभे केलेले हे पाते वाऱ्याशी ठरावीक कोन राखते; बोट वळली की पाते कलते आणि त्याच्या हालचालीने सुकाणू फिरून बोट पुन्हा मार्गावर येते. त्याला विजेचा एक कणही लागत नाही.

सहा जणींची अडचण निराळी. झोप पाळीपाळीने मिळते, दोर ओढायला हात असतात, पण पाणी आणि अन्न यांचा हिशेब सहापट होतो. लिटल्टन ते पोर्ट स्टॅन्ले हा टप्पा 'तारिणी'ला सुमारे चाळीस दिवसांचा पडला. माणशी दिवसाला तीनच लिटर पाणी धरले, तरी सहा जणींचे ७२० लिटर होते. त्यात अंघोळ आणि धुणे आले नाही. पाणी जपावे लागते, समुद्राचे खारे पाणी गोडे करणारे यंत्र चालवावे लागते, त्या यंत्राला वीज लागते आणि विजेला इंधन. अशी ती साखळी आहे. शिडाच्या बोटीला इंधन लागत नाही असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दोघींची मोहीम मात्र सर्वांत अवघड म्हणावी लागेल. एक झोपली की दुसरी एकटीच. एकटेपणा पुरता नाही आणि मदतही पुरती नाही. त्या दोघींना तयार करण्यात अभिलाष टॉमी यांचा वाटा होता, म्हणजे 'म्हादेई'वर कमावलेले ज्ञान 'तारिणी'वर वापरले गेले. जानेवारी २०२५ अखेर त्यांनी 'पॉइंट नेमो' ओलांडला. पॅसिफिकमधील हा बिंदू जमिनीपासून सर्वाधिक दूर आहे. जवळची जमीन तेथून अडीच हजार किलोमीटरहून लांब.

येथेच 'तीच बोट पुन्हा का' या प्रश्नाचे उत्तर मिळते. नवा, अधिक आधुनिक, अधिक वेगवान आराखडा घेणे अशक्य नव्हते. पण 'म्हादेई'ने दोन प्रदक्षिणा केल्या होत्या, केप टाऊन ते रिओ या अटलांटिक शर्यतीत भाग घेतला होता, आणि तिच्या प्रत्येक दोराची, प्रत्येक कुरकुरीची माहिती नौदलाला झाली होती. सहा महिला अधिकाऱ्यांचे सुरुवातीचे शिक्षणही 'म्हादेई'वर झाले. त्यांनी २०१६ मध्ये ती मॉरिशसपर्यंत नेली. त्या जेव्हा 'तारिणी'वर चढल्या तेव्हा अंधारात हात घातला तरी कोणता दोर कोठे आहे हे ठाऊक होते. वादळात ही सवयच जीव वाचवते. आराखडा तोच ठेवून सुधारणा कराव्यात त्या उपकरणांत, हे धोरण रूक्ष वाटले तरी शहाणपणाचे होते. 'तारिणी'ची डोलकाठी केप टाऊनच्या एका नामांकित कारखान्यात घडवलेली आहे. दिशादर्शक यंत्रणा आणि उपग्रह संपर्क 'म्हादेई'च्या काळापेक्षा पुढच्या पिढीचे. सहा शिडांचा संच आहे, त्यात वादळासाठी अगदी लहान, जाड कापडाचे एक शीड.

अर्थात तीच बोट पुन्हा बांधली म्हणजे तिच्यात काही मोडणार नाही, असे नाही. एप्रिल २०१८ मध्ये केप टाऊनहून गोव्याकडे परतताना 'तारिणी'च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि कार्यक्रमात नसलेले पोर्ट लुईस बंदर गाठावे लागले. तेथे दुरुस्ती झाली आणि बोट पुढे निघाली. त्याआधी पॅसिफिकमध्ये तिने ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे झेलले होते. सुकाणू हा लांबच्या प्रवासात सर्वाधिक झिजणारा भाग. दिवसरात्र, मिनिटाला कित्येकदा ते थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे वळत असते. शीड फाटले तर शिवता येते, सुकाणू गेले तर बोट लाटांच्या स्वाधीन होते. म्हणून कोणत्याही दोन बोटी ताडून पाहताना दिवाणखान्याची रुंदी पाहण्याआधी सुकाणूची जोडणी पाहावी, असे जाणकार सांगतात.

पाण्याखाली काय असते, हेही पाहिले पाहिजे. बोटीच्या पोटाखाली उभ्या पात्यासारखा जो भाग असतो, त्याला कील म्हणतात. आपल्याकडचे सुतार बोटीच्या तळाच्या मुख्य तुळईला पठाण म्हणतात, त्याचाच हा खोल गेलेला अवतार. या पात्याची कामे दोन. बाजूच्या वाऱ्याने बोट आडवी सरकू न देणे हे एक. दुसरे, तळाशी जड धातूचे वजन ठेवून कललेल्या बोटीला पुन्हा उभे करणे. बाहुली कशीही आडवी केली तरी उठून बसते, तसेच. वजन जितके खोल तितका उभे राहण्याचा जोर अधिक; पण तितकीच उथळ खाडीत शिरण्याची पंचाईत. या दोन बोटींना अडीच मीटरच्या आसपास खोल पाणी हवे असते. कोकणातल्या गाळाने भरलेल्या कित्येक खाड्यांत त्या ओहोटीच्या वेळी शिरूच शकणार नाहीत. जुने मचवे उथळ तळाचे का असत, हे त्यावरून कळते.

लहान बोटीचे काय होते, त्याचा दाखलाही याच कारखान्याच्या इतिहासात आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी टॉमी यांनी 'सुहेली'ची प्रतिकृती असलेली 'थुरिया' ही बोट गोव्यात बांधून घेतली. शर्यतीचा नियमच असा की जुन्या धाटणीची, ३२ ते ३६ फुटांची बोट हवी, आणि उपग्रहावरून दिशा पाहायची नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात 'थुरिया' उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. 'म्हादेई' त्या जागी असती तर काय झाले असते, हा तर्क व्यर्थ आहे. मोठ्या बोटीही उलटतात. मात्र तेवढीच लाट ५६ फुटी, २३ टनी बोटीला आडवी करायला जितका जोर लावते, त्याहून फार कमी जोरात ३२ फुटी बोट पालथी होऊ शकते, इतके निश्चित. टॉमी नंतर बरे होऊन पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये 'बायानत' या ३६ फुटी बोटीतून दुसरे आले.

प्रदक्षिणा म्हणवून घेण्याच्या अटी काय, असेही पुष्कळदा विचारले जाते. निघालेल्या बंदरातच परत यायचे, सर्व रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त दोनदा पार करायचे, सुएझ वा पनामा कालवा वापरायचा नाही, आणि एकूण अंतर किमान २१,६०० सागरी मैल हवे. हा आकडा ३६० अंश गुणिले ६० कला यातून येतो, कारण विषुववृत्तावरची एक कला म्हणजे एक सागरी मैल. शिवाय लीवीन, हॉर्न आणि गुड होप या तिन्ही भूशिरांना वळसा घालावा, असा परिपाठ आहे. 'म्हादेई' आणि 'तारिणी' यांच्या नावावर अशा प्रत्येकी दोन प्रदक्षिणा आहेत.

ज्यांनी हे स्वप्न पाहिले ते ॲडमिरल आवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये निवर्तले. 'तारिणी'ची पहिली फेरी पूर्ण झालेली त्यांनी पाहिली. दांडेकर यांचा उद्योग पुढे उलट्या दिशेला वळला. फायबर, उपग्रह आणि विंच यांच्याऐवजी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेले प्राचीन पद्धतीचे जहाज त्यांच्या गोव्यातील कारखान्यात तयार झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून त्याचा आराखडा बेतला होता. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. 'तारिणी' दुसरी प्रदक्षिणा पुरी करून मुरगाव बंदरात शिरली, तीही त्याच महिन्यात.